जे फक्त तिथे होते, त्यांच्यासाठीचं पदक

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती. सरकारने मदत जाहीर केली, काही नातलगांनी शहीद दर्जा मागितला, चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. नाशिकमध्ये तेव्हा बऱ्याच जणांच्या तोंडी एकच प्रश्न होता. सैनिक गेला तर पदक मिळतं, पोलीस गेला तर मिळतं. मग ही माणसं केवळ या देशाची म्हणून मारली गेली, त्यांच्या घरी देशाकडून काय जाणार?

सरळ उत्तर असं, की त्यांच्यासाठी भारतात राष्ट्रीय पातळीवरचं पदक नाही. काही देशांत आहे. ते कसं आलं, त्यावरून वाद का झाले आणि आपल्याकडे आणायचं तर कुठे अडेल, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आपल्याकडची शौर्यपदकं कृतीसाठी असतात. परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र रणांगणाबाहेरच्या धाडसासाठी. दुसऱ्या गटातली पदकं साध्या नागरिकालाही मिळू शकतात. २६/११ च्या हल्ल्यात गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, अंगावर गोळ्या घेतल्या आणि त्यामुळे तो जिवंत सापडला. २६ जानेवारी २००९ ला त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, संदीप उन्नीकृष्णन आणि गजेंद्र सिंग यांनाही मिळालं. पण त्या हल्ल्यात एकूण १६६ जण गेले. सीएसटीवर गाडीची वाट बघत बसलेला माणूस धाडस करायला निघाला नव्हता, तो गावी निघाला होता. शौर्यपदकाच्या नियमात त्याला जागा नाही, आणि नसणं बरोबरच आहे.

१९८६ मध्ये कराचीला पॅन ॲमच्या विमानाचं अपहरण झालं. प्रवाशांना वाचवताना मारल्या गेलेल्या नीरजा भनोत हिला अशोक चक्र मिळालं, कारण तिने काहीतरी केलं होतं. त्याच विमानात मेलेल्या प्रवाशांना पदक नाही, कारण ते फक्त तिथे होते. सगळा पेच इथे आहे. जे फक्त तिथे होते, त्यांचा सन्मान करायचा की नाही? आणि करायचा तर कशाच्या आधारावर?

आपलं सैन्य याच्या अर्ध्या वाटेपर्यंत पोचलेलं आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्या जवानाला पराक्रम पदक मिळतं. नावात पराक्रम असला तरी ते मिळतं ते जखमेसाठी. त्या दिवशी त्याने विशेष काय केलं, असं कुणी विचारत नाही. म्हणजे ‘तू देशासाठी सोसलंस, देशाने ते पाहिलं’ असं म्हणणारं पदक भारत सरकारला नवं नाही. फक्त ते गणवेशापाशी थांबतं.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यांनंतर हाच प्रश्न टप्प्याटप्प्याने सुटत गेला. त्यातला पेंटागॉनचा, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाचा, भाग मला सगळ्यात बोलका वाटतो. विमान आदळलं तेव्हा इमारतीतले १२५ जण मेले. त्यांत ५५ सैन्यातले होते आणि ७० मुलकी कर्मचारी आणि कंत्राटी माणसं. एकाच मजल्यावर, एकाच आगीत, शेजारशेजारच्या टेबलांवर. सैन्यातल्यांसाठी पर्पल हार्ट हे जुनं पदक होतंच, पण शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीसासाठी काहीच नव्हतं. मग त्याच महिन्यात संरक्षण खात्याने आपल्या मुलकी कर्मचाऱ्यांसाठी डिफेन्स ऑफ फ्रीडम नावाचं नवं पदक सुरू केलं. शोक एकच असताना पदकाने लावलेली प्रतवारी लोकांना सहन होत नाही, हे तिथे दोन-तीन आठवड्यांत कळलं.

पुढे ९ सप्टेंबर २००५ ला कर्तव्यावर मरण पावलेल्या ४४२ अग्निशमन जवान, पोलीस आणि बचाव कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना व्हाइट हाउसमध्ये शौर्यपदकं दिली गेली. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे एकट्याचे ३४३ जण गेले होते. तरीही उरलेले अडीच हजारांहून जास्त लोक पदकाच्या बाहेरच होते: कारकून, हॉटेलातले वाढपी, विमानातले प्रवासी. त्यांच्यासाठी अमेरिकी संसदेने डिसेंबर २०११ मध्ये कायदा केला. तीन सुवर्णपदकं पाडायची आणि ज्या तीन ठिकाणी माणसं गेली, तिथल्या स्मारकांत ठेवायची. न्यूयॉर्कला २,७५३ जण गेले, पेंटागॉनला विमानातले धरून १८४ आणि पेनसिल्व्हेनियातल्या माळावर कोसळलेल्या विमानात ४०. एकूण २,९७७. कॅपिटॉल या संसदभवनातल्या समारंभात ती पदकं प्रदान झाली सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे घटनेला तेरा वर्षं होत आली तेव्हा.

या सुवर्णपदकाची परंपरा १७७६ पासूनची आहे. पहिलं जॉर्ज वॉशिंग्टनला मिळालं होतं. प्रत्येक पदकासाठी वेगळा कायदा करावा लागतो आणि त्याला दोन्ही सभागृहांतल्या दोन तृतीयांश सदस्यांनी सहप्रायोजक म्हणून सही द्यावी असा दंडक आहे. ही अट मला महत्त्वाची वाटते. इतक्या सह्या गोळा करायच्या म्हणजे विरोधी पक्षाकडे जावंच लागतं, आणि मग ते पदक एका सरकारचं राहत नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या पदकाच्या एका बाजूला त्या माळावरचा एक मोठा दगड कोरला आहे. एके दिवशी साधा असलेला हा माळ आता कायमचा सन्मानाचा झाला, अशा अर्थाची ओळ त्यावर आहे. दुसऱ्या बाजूला चाळीस तारे आहेत, माणसामागे एक. चेहरा कुणाचाच नाही.

आता नाशिककरांना जवळचा असलेला एक मुद्दा. टपाल तिकीट, स्मारक नाणं आणि पदक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटं छापली जातात, त्यामुळे देशाने कुणाची आठवण काढली की ती बरेचदा आपल्या गावातून बाहेर पडते. नाणी आणि पदकं मात्र टांकसाळीत पडतात, मुंबई-कोलकात्यासारख्या ठिकाणी. तिकीट आणि नाणं घटनेची आठवण ठेवतात. २०१९ मध्ये जालियनवाला बागेला शंभर वर्षं झाली तेव्हा शंभर रुपयांचं स्मारक नाणं आणि तिकीट निघालं. ते कुणा एका कुटुंबाच्या नावे नव्हतं. संग्राहकाने पैसे भरून घ्यायचं. पदकाला दर्शनी किंमत नसते, ते चलन नसतं आणि खरं पदक विकत मिळत नाही. ते कुणाला तरी दिलं जातं, आणि हे ‘दिलं जाणं’ हाच त्याचा प्राण.

अमेरिकेने इथे दोन्ही वाटा वापरल्या. २०११ मध्ये, घटनेला दहा वर्षं झाली म्हणून, त्यांच्या टांकसाळीने एक औंस चांदीचं पदक सगळ्यांसाठी विक्रीला काढलं. प्रत्येक पदकामागचे दहा डॉलर न्यूयॉर्कच्या स्मारकाला आणि संग्रहालयाला जायचे. स्मारकाला पैसा मिळाला हे चांगलंच झालं. पण विकायचं पदक आणि द्यायचं पदक यांत गल्लत होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पदक घडतं कसं, तेही बघू. आधी शिल्पकार मोठ्या आकारात उठावाचं शिल्प करतो, पूर्वी मातीत किंवा प्लास्टरमध्ये, आता बहुधा संगणकावर. त्यावरून लहान आकाराचा पोलादी ठसा कोरला जातो. मग धातूची कोरी चकती दोन ठशांमध्ये ठेवून प्रचंड दाबाने चेपतात. नाण्याचा उठाव उथळ असतो, एका दणक्यात काम होतं. पदकाचा उठाव खोल असल्यामुळे तीच चकती पुन्हा पुन्हा दाबावी लागते आणि मधून मधून तापवून मऊ करावी लागते. आपल्या भांडी बाजारात तांब्याचा हंडा घडवताना तांबट ठोक्यांनी ताठर झालेला पत्रा पुन्हा भट्टीत घालतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून पदकाला वेळ लागतो, ते थोडीच निघतात आणि त्यावरची रेघ न् रेघ आधीच ठरवावी लागते.

फ्रान्सने या प्रश्नाला थेट हात घातला. २०१५ च्या पॅरिसमधल्या हल्ल्यांनंतर, मृतांना लिजन ऑफ ऑनर हा सर्वोच्च सन्मान द्यावा अशी सूचना पुढे आली. ती मान्य झाली नाही, कारण तो सन्मान कर्तृत्वासाठी असतो. त्याऐवजी जुलै २०१६ मध्ये दहशतवादाच्या बळींसाठी वेगळं राष्ट्रीय पदक निघालं. मारले गेलेले, जखमी झालेले आणि ओलीस धरलेले, सगळे त्यात येतात. आणि ते १ जानेवारी १९७४ पासूनच्या घटनांना लागू केलं. म्हणजे चाळीस वर्षं कुणी विचारपूसही न केलेल्या माणसालाही ते मागता आलं.

वाद पेटला तो क्रमवारीवरून. अधिकृत यादीत हे पदक युद्धातल्या पराक्रमासाठीच्या क्रॉस या पदकाच्याही वर ठेवलं गेलं आणि माजी सैनिक नाराज झाले. लढून मिळवलेल्या पदकाच्या वर, नुसत्या मरण्याबद्दल मिळणारं पदक कसं, असा त्यांचा सवाल. काही पीडितांनाही ते रुचलं नाही. आम्ही वीर नाही, आम्हाला वीर म्हणू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. मला दोघांचंही पटतं. चूक पदक काढण्यात नव्हती, ते वीरतेच्या शिडीवर चढवण्यात होती. या पदकाला शिडीच नको. ते बाजूला, स्वतंत्र असावं.

स्पेनने हे बरंच आधी, १९९९ च्या कायद्याने केलं होतं. तिथे मृताला एक सन्मान, जखमी किंवा अपहृत व्यक्तीला दुसरा आणि नातलगांसाठी वेगळं चिन्ह आहे. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले, तेव्हा ही व्यवस्था तयार होती. घटना घडल्यावर नियम करायला बसलं की प्रत्येक नावावर राजकारण होतं. नियम आधी असला तर निदान तेवढं टळतं.

या विषयातली मला सगळ्यात जवळची वस्तू मात्र पदक नाही. नाशिकमध्ये भरलेल्या एका नाण्यांच्या प्रदर्शनात मी ती हातात घेतली होती. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेली ही ब्राँझची चकती. तळहात झाकेल एवढी, बारा सेंटिमीटर व्यासाची, हाताला चांगलीच जड. त्यावर हार धरून उभी असलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूप, पुढे सिंह, कडेने ‘हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मरण पावला’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. आणि एका चौकटीत, शाईने लिहिलेलं नाही की मागून खोदलेलं नाही, ओतकामातच उठून आलेलं त्या माणसाचं नाव. हुद्दा नाही. सुभेदार असो की शिपाई, कर्नल असो की खानसामा, नुसतं नाव. मरणात सगळ्यांचा त्याग सारखा, म्हणून हुद्दा मुद्दाम गाळला होता. अशा तेरा लाखांहून जास्त चकत्या निघाल्या. त्या युद्धात भारतातून गेलेले सुमारे ७४ हजार सैनिक परत आले नाहीत. चकत्या त्यांच्याही घरी पोचल्या. साम्राज्याच्या लढाईत आपली पोरं का मेली, हा प्रश्न त्याने सुटत नाही. पण लाखो वेगवेगळी नावं ओतण्याचे कष्ट शंभर वर्षांपूर्वी झाले होते, एवढं त्या चकतीवर बोट फिरवल्यावर कळतं. आज ‘इतक्या लोकांना कसं देणार’ असं कुणी म्हणालं तर मला ती आठवते.

भारतात असं पदक काढायचं तर राज्यघटना आडवी येत नाही. अनुच्छेद १८ मुळे सरकार लष्करी किंवा शैक्षणिक मानचिन्हांखेरीज किताब देऊ शकत नाही. पण पद्म पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत, फक्त ते नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये दिला आहे. बळींसाठीचं स्मृतिपदक त्याच चौकटीत सहज बसेल. राष्ट्रपतींच्या नावे राजपत्रात अधिसूचना निघाली की पदक सुरू होतं. पहलगामनंतर मागितला गेलेला शहीद दर्जा मात्र वेगळी गोष्ट आहे. हा शब्द सरकार सैन्यासाठीसुद्धा अधिकृतपणे वापरत नाही, असं केंद्राने संसदेत सांगितलेलं आहे. नियमातच नसलेला दर्जा मागत राहण्यापेक्षा नियमात बसणारं पदक मागणं मला अधिक व्यवहार्य वाटतं.

खरी अडचण पुढे आहे. राष्ट्रीय शोकांतिका म्हणायचं कशाला? बॉम्बस्फोट धरला, तर १९८४ चं भोपाळ का नाही? २००३ च्या सिंहस्थात आपल्याच नाशिकमध्ये चेंगराचेंगरीत मेलेले भाविक का नाहीत? जगभरात पाहिलं तर बाहेरच्या शत्रूने मारलेल्यांना पदक लवकर मिळतं. जिथे सरकारचा, कंपनीचा किंवा व्यवस्थेचा हलगर्जीपणा असतो, तिथे क्वचितच मिळतं. कारण अशा ठिकाणी पदक देणं म्हणजे अर्धी कबुलीच. चेर्नोबिलचं उदाहरण घ्या. १९८६ च्या स्फोटानंतर सफाईला पाठवलेल्या सुमारे सहा लाख लोकांसाठी सोव्हिएत काळातलं एक मानचिन्ह आहे. त्याच्या मध्यभागी रक्ताचा थेंब आणि त्यातून आरपार जाणारे अल्फा, बीटा, गॅमा किरण. शरीरात काय घुसलं, ते सरकारी बिल्ल्यावरच कोरलेलं. तरी ते आपत्ती निवारण्यात ‘भाग घेतल्या’बद्दल होतं. ज्यांची गावं कायमची रिकामी झाली, त्यांच्यासाठी ते नव्हतं.

माझं मत असं, की भोपाळसारख्या ठिकाणी आधी उपचार, भरपाई आणि जबाबदारी. ते टाळून पदक देऊ नये. अमेरिकेत १९६३ च्या बर्मिंगहॅम चर्च स्फोटात मेलेल्या चार मुलींना २०१३ मध्ये संसदेचं सुवर्णपदक जाहीर झालं, तेव्हा काही नातलगांनी हेच सांगितलं होतं: पदक नको, भरपाई द्या. त्यांचं म्हणणं लक्षात ठेवायला हवं.

पण जिथे न्यायालयात काहीच सिद्ध होत नाही तिथे काय? हा प्रश्न आपल्या जिल्ह्याचाच आहे. मालेगावात सप्टेंबर २००६ मध्ये आणि पुन्हा २९ सप्टेंबर २००८ ला स्फोट झाले. २००८ च्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. निकालावर लोकांची मतं टोकाची आहेत आणि त्यात मी शिरत नाही. पण भिक्कू चौकात सहा माणसं मेली, याबद्दल दुमत नाही. आरोपी कोण हे ठरलं नाही म्हणून मेलेला कोण हे बदलत नाही. गुन्हेगाराच्या नावाशिवायही देता येईल असा एकच सरकारी सन्मान आहे, तो बळींसाठीचा. खटला पडल्यावर त्या घरांकडे सरकारचं एकही कागदपत्र असं उरत नाही, ज्यावर त्यांचा माणूस ‘फिर्यादी पक्षाचा पुरावा’ सोडून आणखी काही असतो. या एका कारणासाठी तरी असं पदक असावं.

राहता राहिला प्रश्न, ते द्यायचं कुणाच्या हातात. सियाचीनमध्ये गेलेल्या एका कॅप्टनच्या कीर्ती चक्रावरून २०२४ मध्ये आईवडील आणि पत्नी यांच्यातला तणाव साऱ्या देशाने पाहिला. आपल्याकडे निकटचा वारस म्हणून एक नाव धरलं जातं आणि पदक तिकडे जातं. कॅनडात मेमोरियल क्रॉस तीन जणांपर्यंत देता येतो आणि ती नावं सैनिक जिवंतपणी लिहून ठेवू शकतो. बाजारात, रेल्वेत किंवा सहलीत मेलेल्या माणसाने अर्थातच काही लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून भारतातल्या अधिसूचनेत पहिल्या दिवसापासून सोय हवी: पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुलं या तिघांनाही प्रत्येकी एक, नाव उठवलेलं, सारख्याच धातूचं, आणि एक मूळ पदक घटना घडली त्या गावात.